तुम्ही विचारलंत म्हणून: आयझिंग्लासमध्ये काच कुठे आहे?

हा प्रश्न बहुतेक वेळा भाषांतर करणाऱ्यांकडून येतो. जुन्या इंग्रजी पाकपुस्तकात जेली घट्ट व्हायला आयझिंग्लास घाला म्हटलेलं असतं. एखाद्या अमेरिकन कथेत शेगडीच्या दाराला आयझिंग्लास बसवलेलं असतं. महायुद्धाच्या काळातल्या इंग्लंडच्या आठवणींत बायका आयझिंग्लासमध्ये अंडी बुडवून ठेवत असतात. मग विचारणा होते: ही एकच वस्तू कशी असेल? कोशात तर कुठे 'माशापासून केलेला सरस' लिहिलंय, कुठे 'अभ्रक'.

ती एकच वस्तू नाहीच. तिन्ही ठिकाणी वस्तू वेगळी आहे, आणि खिडकीला बसवतो ती काच त्यांत कुठेच नाही. 'ग्लास' हे शेपूट ऐकण्यातल्या चुकीने चिकटलेलं आहे. पुढची सगळी गंमत त्या शेपटाने केली.

मूळ शब्द डचांचा, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतल्या वलंदेजांचा. जुन्या डचमध्ये तो साधारण 'हुइझनब्लास' असा होता. हुइझन म्हणजे स्टर्जन जातीचा अजस्र मासा, कॅव्हिआरसाठी, म्हणजे खारवलेल्या अंड्यांसाठी, प्रसिद्ध असलेला बेलुगा. ब्लास म्हणजे फुगा, पिशवी; इथे माशाच्या पोटातला हवेचा फुगा, जो वाळवून आयझिंग्लास करतात. जर्मनमध्ये आजही 'हाउझनब्लाझे' म्हणतात. हा मासा कॅस्पियन आणि काळ्या समुद्रातला, नद्यांमधून वर चढणारा. माल रशियाचा, आणि इंग्रजांच्या कानावर नाव पडलं ते डच व्यापाऱ्यांच्या तोंडून. सोळाव्या शतकात शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा सुरुवातीचा 'ह' गळला, आणि 'ब्लास'चा काही अर्थ लागेना म्हणून त्याचा 'ग्लास' झाला. वाळलेला पडदा अर्धपारदर्शक, शिंगासारखा चकाकणारा, त्यामुळे डोळ्यांनीही कानाला साथ दिली.

आपल्याकडे 'कंपनी'ची 'कुंपणी सरकार' झाली ती अशीच. परका शब्द आला की तो ओळखीच्या शब्दाच्या खुंटीवर टांगायचा, हा सगळ्याच भाषांचा रिवाज. कुंपणीचा अर्थ मात्र कुंपणाकडे सरकला नाही. आयझिंग्लासचा काचेकडे सरकला.

आधी मासा. फुगा चिरून उघडायचा, पाण्यात भिजवायचा, रक्त आणि चरबी खरवडायची, नको तो पडदा सोलायचा आणि राहिलेला वाळवायचा. रशियन माल कधी सपाट पानांच्या रूपात यायचा, कधी पुस्तकासारखा घड्या घालून, कधी पिळून नालासारखा वाकवलेला. हे जवळजवळ निव्वळ कोलाजेन, म्हणजे कातडी आणि स्नायुबंध ज्याचे बनतात ते प्रथिन. खरा माल ओळखायची जुनी परीक्षा सोपी आहे. तुकडा गार पाण्यात टाकून ठेवायचा. खरं आयझिंग्लास फुगतं आणि पांढरं, अपारदर्शक होतं, तंतू दिसत राहतात. जिलेटिन फुगलं तरी काचेसारखं नितळ राहतं. म्हणजे ज्याच्या नावात काच आहे ते पाण्यात पडलं की काचेसारखं दिसणं सोडतं.

स्वयंपाकी ते तापवून वापरत. भिजवलेले तुकडे मंद आचेवर विरघळले की कोलाजेनचं जिलेटिन होतं, आणि गार झालं की जेली. हाडां-कातड्यांचं स्वस्त जिलेटिन बाजारात येईपर्यंत श्रीमंतांच्या जेवणातल्या जेली आणि ब्लांमांज, म्हणजे थिजवलेल्या दुधाचा गोड पदार्थ, यावर उभ्या राहत. पाककृती मराठीत आणताना 'माशाचा सरस' लिहिलं तर वाचणाऱ्याला सुतारकाम आठवेल. 'माशाचं जिलेटिन' लिहावं.

बिअरवाल्यांना नेमकं उलटं हवं असतं: ते तापता कामा नये. बिअर आंबून झाली की तिच्यात यीस्टच्या पेशी तरंगत राहतात आणि ती गढूळ दिसते. बिअरच्या आंबटपणात, पीएच चारच्या आसपास, यीस्टच्या पेशींवर ऋण भार असतो आणि अखंड कोलाजेनच्या लांब रेणूंवर धन. दोघं एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात, गुठळ्या जड म्हणून तळाशी बसतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तिचं तत्त्व हेच, फक्त तिथे ऋण भार मातीच्या कणांवर असतो.

त्यासाठी वाळलेला फुगा बारीक करून सौम्य आम्लात, बहुधा टार्टरिक किंवा सल्फ्युरस आम्लात, थंडाव्यात बरेच दिवस मुरवतात. हळूहळू दुधट, दाट पाणी तयार होतं. ते पिंपात घालायचं आणि पिंप 12-13 अंशांच्या तळघरात स्वस्थ ठेवायचं. बिघडतं ते दोन-तीन ठिकाणी. द्रावण उन्हाच्या गाडीत राहिलं किंवा उबदार खोलीत पडलं की कोलाजेनचा तीन पदरी पीळ सुटतो. उष्ण समुद्रातल्या माशांच्या मालाचा पीळ 29 अंशांच्या आसपास सुटतो, थंड पाण्यातल्यांचा त्याच्याही आधी. पीळ सुटला की ते नुसतं जिलेटिन, गाळ बसवायला जवळजवळ निकामी. पिंप हललं तर मात्र घाबरायचं कारण नाही, गाळ पुन्हा बसतो, पण असं किती वेळा चालेल याला मर्यादा आहे. आणि गढूळपणा यीस्टचा नसून जंतुसंसर्गाचा असेल, तर आयझिंग्लास कितीही ओता, बिअर निवळायची नाही.

इंग्लंडमधल्या शाकाहारी मराठी मंडळींना इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बिअर आणि वाइन निवळायला वापरलेलं आयझिंग्लास तिथल्या ॲलर्जीच्या नियमांतून वगळलेलं आहे, त्यामुळे लेबलावर मासा दिसेलच असं नाही. पिंपातून ओतल्या जाणाऱ्या एल या पारंपरिक बिअरबद्दल विचारून घ्यावं. गिनेस या आयरिश बिअर कंपनीने 2015 साली आपण आयझिंग्लास सोडत असल्याचं जाहीर केलं.

रशियन माल महाग होता, अठराव्या शतकाच्या शेवटी एक पौंड वजनाला 25 शिलिंग. म्हणून 1795 मध्ये विल्यम मरडॉकने, गॅसच्या दिव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच मरडॉकने, वाळवलेल्या कॉड माशापासून पर्याय तयार केला, आणि लंडनच्या बिअर उत्पादकांच्या समितीने तो वापरायच्या हक्कासाठी त्याला 2,000 पौंड दिले. इथे शब्दातला स्टर्जन गेला, फुगा राहिला की नाही याचीही कुणाला पर्वा राहिली नाही. जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1842 मध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर आयझिंग्लास कसं काढता येईल यावर पुस्तिकाच लिहिली. त्याची नजर होती पॉलिनेमस कुळातल्या माशांवर, म्हणजे आपल्या रावस आणि दाढ्याच्या भाऊबंदांवर. पुढे बिअरच्या धंद्यात मालाच्या प्रतीच सायगॉन, पिनांग, कराची, ब्राझील अशा बंदरांच्या आणि देशांच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या पोटातून निघणारा फुगा, ज्याला बोत किंवा भोत म्हणतात, तोही याच जातीचा माल. फक्त त्याला सोन्याचा भाव येतो तो बिअरमुळे नव्हे. पूर्व आशियात तो खातात, औषधी मानतात. 2021 मध्ये तिथल्याच मुरबे गावच्या एका बोटीला मिळालेल्या 157 घोळींची रक्कम कोटीच्या वर गेल्याची बातमी आठवत असेल, तो पैसा मुख्यतः या फुग्यांचा.

आता अभ्रक. अठराव्या शतकात इंग्रजीत अभ्रकाच्या पत्र्यालाही आयझिंग्लास म्हणायला लागले. कारण उघड आहे: पातळ, पिवळसर, आरपार दिसणारं पान, आणि हातात शब्द आहे ज्यात 'ग्लास' आहे. योगायोग असा की अभ्रकाची तावदानंही रशियातूनच येत, म्हणून त्यांना मस्कव्ही ग्लास म्हणत (मस्कव्ही हे रशियाचं जुनं नाव), आणि त्यावरून खनिजाचं शास्त्रीय नाव मस्कोवाइट पडलं. आपल्याकडे या खनिजाला अभ्र म्हणजे ढगाचं नाव आहे. काचेपेक्षा ते मला जास्त पटतं.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कोळशाच्या शेगड्यांना अभ्रकाच्या खिडक्या असत, कारण साधी काच तिथे तडकली असती. मस्कोवाइट पाचशे अंशांच्या पुढेही टिकतं. त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून जाडी हवी तशी करता येते: कडेला सुई घालायची आणि पान उचलायचं. साध्या कात्रीने कापलं जातं. बिघडतं ते चौकटीचे स्क्रू आवळून बसवल्याने. तापल्यावर पत्र्याला सरकायला जागा उरली नाही की तो फुगतो आणि पदर सुटतात. काजळी पुसायची तर शेगडी पूर्ण गार झाल्यावर, व्हिनेगर लावलेल्या मऊ फडक्याने, न घासता. कथेतल्या शेगडीचं भाषांतर करताना 'अभ्रकाची खिडकी' असं बिनदिक्कत लिहा.

अभ्रकाच्या बाबतीत आपणही फार साळसूद नाही. जुन्या इस्तरीत तार गुंडाळलेली ती पानं खऱ्या अभ्रकाची, दुकानदार त्यांना 'मायका' म्हणतो. आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावरचं 'सनमायका'? त्यात अभ्रकाचा कण नसतो, राळेत भिजवून दाबलेले कागदाचे थर असतात. नाव मात्र कंपनीचं मागे पडून वस्तूचंच झालं आहे. अमेरिकेत फॉरमायका हे नावच 'अभ्रकाऐवजी' अशा अर्थाने ठेवलं होतं, ते निदान प्रामाणिक होतं.

राहिली अंडी. कोंबड्या हिवाळ्यात कमी घालतात, म्हणून वसंतातली अंडी साठवायची. दोन्ही महायुद्धांत इंग्लंडात घरोघर हे चाललं, आणि ज्यात अंडी ठेवत त्याला पुष्कळ जण आयझिंग्लास म्हणत. ते असायचं सोडियम सिलिकेट, म्हणजे वॉटरग्लास. दोन्ही नावांच्या शेवटी ग्लास, दोन्ही वस्तू दाट आणि चिकट, झाला घोळ. शब्द काचेच्या सर्वांत जवळ आला तो इथे, कारण सोडियम सिलिकेट ही पाण्यात विरघळणारी काचच म्हणता येईल.

प्रमाण असं: एक क्वार्ट (साधारण एक लिटर) सिलिकेटला नऊ क्वार्ट पाणी, पाणी उकळून गार केलेलं. एवढ्यात पाच गॅलनच्या चिनी मातीच्या बरणीत पंधरा डझन अंडी बसतात. अंडी ताजी हवीत, आणि धुतलेली अजिबात नकोत. कोंबडीने अंड्यावर दिलेला पातळ लेप धुतल्यावर जातो आणि कवचाची छिद्रं उघडी पडतात. अंड्यांवर दोन इंच द्रावण राहायला हवं, ते आटलं तर उकळून गार केलेलं पाणी घालायचं. सिलिकेट कवचाच्या छिद्रांत बसून ती बुजवतं, त्यामुळे हवा आत जात नाही आणि ओलावा बाहेर येत नाही. सहा ते नऊ महिने अंडी टिकतात. एक जरी तडकलेलं अंडं आत गेलं तर सगळी बरणी नासते. आणि असं अंडं उकडायचं झालं तर आधी जाड टोकाला सुईने भोक पाडावं लागतं. छिद्रं बुजलेली असल्याने आतल्या हवेला वाट मिळत नाही आणि कवच फुटतं.

अलीकडे आणखी एक अर्थ भेटतो. अमेरिकेत बोटींना पाणी-वारा अडवणारे पारदर्शक पडदे असतात, त्यांनाही हेच नाव आहे. पूर्वीच्या घोडागाड्यांच्या पडद्यांत अशी पारदर्शक तावदानं शिवलेली असत, तिथून ते बोटींवर आलं. पडदे मात्र मऊ केलेल्या व्हिनाइलचे, प्लास्टिकचे. काही जण स्पेलिंग 'आयझनग्लास' करतात, जणू जर्मनमधलं आयझन, म्हणजे लोखंड. पहिल्यांदा शब्दाच्या शेवटी काच शिरली, आता सुरुवातीला लोखंड शिरू पाहतंय. हे पडदे थंडीत घडी करू नयेत, चिरतात. गुंडाळून ठेवावेत, मधे मऊ कापड घालून. पुसायला साबणाचं पाणी पुरे. 'ग्लास' या शब्दावर विसंबून काच पुसायचा अमोनियाचा फवारा मारला, तर पडदा धुरकट होतो आणि पुन्हा नितळ होत नाही.