एका ‘द्यावी’चं भाषांतर

मी कोर्टाच्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. खालच्या कोर्टात मराठी चालतं. अपील मुंबईला गेलं की पुराव्यातले मराठी कागद इंग्रजीत लागतात. फेरफार, पंचनामे, जबाब. निम्मा वेळ तलाठ्याचं अक्षर लावण्यात जातो, उरलेला वकिलांच्या ज्युनियरांचे फोन घेण्यात. ‘वाचून पाहिला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ हे तर आता बोटंच टाइप करतात.

त्या दिवशी सकाळी अकराला एक मृत्युपत्र आलं. चारच्या आत हवं. (तपशील थोडे बदलून सांगते.) निवृत्त शिक्षकाचं, पावणेदोन पानी, एकही खाडाखोड नाही. असा कागद हाती आला की मला आधी आनंदच होतो.

‘माझे पश्चात राहते घर धाकट्याने घ्यावे. शेत थोरल्याने घ्यावे. धाकट्याने आईस तिचे हयातीपर्यंत माडीवरची खोली द्यावी व दरमहा खर्चास द्यावे. दोघांनी बहिणीचे माहेरपण राखावे.’

धाकट्याला घर विकायचं होतं. आईचं म्हणणं, खोली माझ्या हक्काची. काम आईच्या वकिलांकडून आलेलं.

पहिल्या वाक्यालाच अडले. ‘शॅल’ की ‘शुड’? कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’ने बंधन येतं, ‘शुड’ म्हणजे वडीलधाऱ्यांनी दिलेला सल्ला, ऐकला तर ऐकला. उलट दिशेला हा घोळ नाही. कायदे मराठीत आणणाऱ्यांनी ‘शॅल’ला ‘करील’ आणि ‘मे’ला ‘करता येईल’ असं केव्हाच बांधून टाकलंय. पण माणसं मृत्युपत्रात ‘करील’ लिहीत नाहीत. ‘करावे’ लिहितात.

आणि ‘करावे’ म्हणजे काय नाही? शाळेत विध्यर्थाचे चार अर्थ घोकले होते: कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा. ‘तो घरी असावा’ यात नुसता अंदाज. ‘पाऊस पडावा’ यात इच्छा. देवळाबाहेर ‘चपला येथे काढाव्यात’ असं लिहिलेलं असतं, तिथे कोणी इच्छेचा प्रश्न काढत नाही. शासन निर्णयातलं ‘कार्यवाही करावी’ कुठल्याही कारकुनाला हुकूम म्हणूनच कळतं. हे सगळं एका ‘-आवे’त. इंग्रजीत शिरताना मात्र दारातच विचारतात, तुम्ही नक्की कोण?

सगळीकडे ‘शुड’ घातलं तर खोली जाते ती जातेच, ‘घर धाकट्याने घ्यावे’ हीसुद्धा नुसती इच्छा ठरते. मग मृत्युपत्रात उरलं काय? सगळीकडे ‘शॅल’ घातलं तर बहिणीचं माहेरपणही हुकमी होतं. वाक्यागणिक बदलावं, तर मूळ क्रियापदाचा साचा एकच. वेगळेपणा मी कुठून आणला?

दीडला ज्युनियरचा फोन. “मॅडम, सर म्हणतायत खोलीला ‘शॅल’ करा.” खोलीलाच का, विचारलं. “आपला मुद्दा तोच आहे ना.” पैसे देणाऱ्याला हवं तसं इंग्रजी करून मिळतं, असं या मंडळींना मनापासून वाटतं. शेवटी मी सगळीकडे ‘शॅल’ केलं आणि खाली टीप घातली, की मुळात सर्वत्र एकच विध्यर्थी रूप असून त्यातून आज्ञा व इच्छा दोन्ही निघू शकतात. त्या तीन ओळींना मला एक तास लागला होता.

साडेतीनला सही करायला ऑफिसात गेले. सरांनी टीप एका रेघेत उडवली. “कोर्टाला व्याकरण शिकवायचं नाही.” वर ऐकवलं, की ‘शॅल’चं एवढं काय घेऊन बसलात, १९५७ साली मनबोधनलाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने घटनेच्या ३२० कलमातलं लोकसेवा आयोगाच्या सल्ल्याबद्दलचं ‘शॅल’सुद्धा बंधनकारक नाही असं ठरवलंय. म्हणजे मी दिवसभर ज्याच्यासाठी डोकं फोडलं, त्या शब्दाचंही काही खरं नाही! सही केली. भाषांतर खरं आहे या वाक्याखालीच करायची असते ती.

आई तिथेच बसल्या होत्या, मुलीसोबत. न राहवून विचारलं, “आजी, ‘द्यावी’ म्हणजे तुम्हाला काय वाटतं?”

“द्यायचीच,” त्या म्हणाल्या. “ते जन्मात कुणाला ‘दे’ म्हणाले नाहीत. गड्याला पण ‘बैल बांधावेत आता’ असं म्हणायचे. आणि ते म्हणाले की बैल बांधले जायचेच.”

हे लिहायला भाषांतरात जागा नसते.

दोन आठवड्यांनी समोरच्यांनी आपलं भाषांतर लावलं. त्यात घर धाकट्याने ‘शॅल’ने घेतलंय आणि आईला खोली ‘शुड’ने दिलीय. चार ओळींत दोन तऱ्हा! चीड आली. मग मूळ कागद पुन्हा वाचला आणि शपथेवर चूक म्हणता येईना. चूक म्हणावं तर माझं माहेरपणाचं ‘शॅल’ त्याहून बरोबर आहे का?

ते वाक्य त्या दिवशी मुलीने माझ्या प्रतीत बोट ठेवून वाचलं होतं. “म्हणजे ताई, दिवाळीला भावांनी बोलावलं नाही तर दावा लावता येईल का?” आजी हसल्या, मीही हसले. सर गंभीरपणे म्हणाले, “तो मुद्दा आपण घेतलेला नाही.”

अपील अजून बोर्डावर आलेलं नाही.