भांगाच्या पाण्यावरून खांदेरी

मुंबईहून अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर शिडाच्या बोटीने जायचं असेल तर आधी पंचांग उघडायचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाला भरती पूर्ण, दुपारपर्यंत ओहोटी आपल्याला बंदराबाहेर दक्षिणेला नेणार आणि मग चढतं पाणी परत आत आणणार. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याला उधाणासारखी ओढ नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा येतो. बेत अगदी चोख बसतो. फट असते ती या दोन वाऱ्यांच्या मधे.

बोट मित्राची, फायबरची, २४ फुटी. आम्ही चौघं. त्यात मित्राचे काका, ज्यांची सगळी नोकरी व्यापारी जहाजांवर झाली. उजाडता उजाडता गेटवेसमोरच्या बोयावरून दोर सोडला. मतलई पाठीशी होता. बोट जवळजवळ आवाज न करता सरकत होती आणि उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपस्तंभ हळूहळू मागे पडत होता. मांडव्याच्या लाँचमधून हे पाणी अनेकदा पार केलंय, पण ते पाण्यापासून कितीतरी वर, खुर्चीत बसून. इथे हात खाली सोडला की समुद्र.

जहाजांची वाट ओलांडताना एक कंटेनर जहाज आत येत होतं. एवढं जहाज वाटेतल्या छोट्या बोटीसाठी झटकन थांबूही शकत नाही, वळूही शकत नाही, म्हणून काकांनी आधीच सुकाणू फिरवून त्याच्या मागून जायचं ठरवलं. जहाज निघून गेलं, सगळे सैलावले आणि मग त्याच्या लाटा आल्या. पहिल्या लाटेवर बोट चढली, दुसरीवर आडवी झाली. थर्मास घरंगळला, चहा दोरांच्या वेटोळ्यात गेला आणि माझी नडगी शिडाचे दोर ओढायच्या लोखंडी विंचवर आपटली. छोट्या बोटीवर ठोकर लागेल अशी जागा शोधावी लागत नाही. नडग्या, गुडघे, कोपरं, डोकं, सगळ्यांची सोय आहे.

वारा पाठीमागून असताना खरी भीती बूमची. बोट डोलली, वारा शिडाच्या चुकीच्या बाजूला शिरला की तो ॲल्युमिनियमचा आडवा दांडा एका क्षणात या बाजूचा त्या बाजूला येतो, आणि मधे डोकं असेल तर डोकं. काकांनी बूमला दोर लावून तो पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या टोकाकडे, बांधून टाकला. "बेटा, उठायचं असेल तर आधी सांगायचं," ते मला म्हणाले, आणि पुढचे दोन तास मी सांगूनच उठत होते.

थळच्या समोर मतलई गेला. कमी झाला नाही, गेलाच. शीड एकदा फडफडलं आणि लोंबायला लागलं. वाऱ्याने भरलेलं शीड बोटीला धरून ठेवतं. ते रिकामं झालं की बारीकशी लाटही बोट दोन्ही बाजूंना झुलवते, त्यामुळे बोट लागते ती वादळात कमी आणि अशा निवांत, चकाकत्या पाण्यावर जास्त. डोळे केबिनच्या भिंतीकडे असतात, त्यांना सगळं स्थिर दिसतं. कानाच्या आतला तोल मात्र सांगत असतो की आपण हलतोय, आणि या भांडणात पोट हरतं. मी वर येऊन क्षितिजाकडे नजर लावली. अव्होमिन निघायच्या आधी घेतली होती, तरी एकदा उलटी झालीच.

इंजिन लावलं. थोड्याच वेळात त्यातून मागे पडणारी पाण्याची बारीक धार थांबली. ती थांबली म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी आत जात नाही. लगेच बंद केलं. पाणी ओढायच्या तोंडाशी दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट चिकटला होता. आपल्या घरातून निघालेली अशी एक पिशवी इथवर येऊन इंजिन बंद पाडते, आणि कोळ्यांच्या जाळ्यात तर ती रोज मासळीबरोबर येते. याचा मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

ओहोटी संपली नव्हती. बोट हळूहळू खांदेरीच्या दक्षिणेला वाहत चालली होती आणि समोर बांबूला बांधलेली काळी फडकी दिसायला लागली. खाली जाळी. वल्ही होती, पण आखूड, नुसती पाणी चाटणारी. तेवढ्यात थळची एक होडी वळून जवळ आली. होडीचे प्रमुख, तांडेल, ओरडले, "दोर टाका! नि ते मशीन नका लावू, खाली जाळी हाय!" त्यांनी आम्हाला खांदेरीच्या आडोशाला ओढत नेऊन सोडलं. जाळं दिसलं की हौशी बोटीने लांबून जायचं, वेळ कितीही जावो, असं माझं ठाम मत आहे. आपला तो सुटीचा दिवस असतो, त्यांचं ते घर चालतं.

दोराला लागून ओढलं जाताना डोक्यात १६७९ होतं. शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांची गलबतं याच पट्ट्यात पहारा देत होती. वारा पडला की ती जड जहाजं जागच्या जागी अडकायची आणि मराठ्यांच्या उथळ होड्या वल्ह्यांनी किनाऱ्यालगत निसटून बेटावर सामान पोचवायच्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं 'डव्हर' हे गुराब जातीचं लढाऊ जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. हे वाचलेलं होतं. पण वल्हं असणं म्हणजे काय, ते त्या दुपारी हाताला कळलं.

बेटाच्या आडोशाला नांगर टाकून ओल्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. केबिनमध्ये ताठ बसताही येत नाही. पेट्रोलचा, कुबट पाण्याचा आणि ओल्या दोरांचा वास. मुंबईतच सागवानात बांधलेली 'सुहेली' ही शिडाची बोट आमच्या बोटीपेक्षा जेमतेम ८ फूट लांब, आणि तिच्यावर ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता ३१२ दिवस एकटे जगाला फेरी मारून आले. त्या आडव्या फळीवर पडल्यावर हा आकडा अंगावर येतो.

शौचालय म्हणजे बादली. बाईसाठी ही अडचण मोठी, आणि ती टाळायला पाणी कमी पिणं हा सगळ्यात वाईट उपाय. आधीच उलटीने अंगातलं पाणी गेलेलं असतं. मी चादर धरायला सांगितली आणि पोटभर पाणी प्यायले.

दोनच्या पुढे वायव्येचा वारा आला तो चांगलाच. भरतीचं पाणी त्याच्या तोंडावर चढत होतं, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. शीड आवरून लहान केलं, तरी बोट उजवीकडे कलली आणि प्रत्येक लाटेबरोबर बादलीभर पाणी सरळ तोंडावर. खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा नीट वाळतच नाही, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. काखेत, मानेशी, गुडघ्याच्या मागे घासून कातडी सोलली. पण बोट पळत होती! काकांनी सुकाणू माझ्या हातात दिलं आणि प्राँग्जपर्यंत परत घेतलं नाही. वारा जरा वाढला की सुकाणू हाताला ओढ देतं, मग मी नाळ किंचित वाऱ्याकडे वळवायची आणि बोट सरळ व्हायची. हे जमायला लागलं तेव्हा भूक, नडगी, सोललेली मान, कशाचीच आठवण राहिली नाही.

बोया पकडला तेव्हा अंधार पडला होता.

आता लांब वल्ही करायला टाकली आहेत आणि केबिनच्या दाराला जाड पडदा शिवून घेतलाय. थळच्या तांडेलांकडून दक्षिणेकडच्या जाळ्यांच्या खुणा विचारून घेतल्या. पुढचा बेत रेवदंडा, अष्टमी बघूनच.