तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्याकडे लिली का नाही

एवढी झाडं आहेत, मग लिली कशी नाही? घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं आणि मी "जमत नाही हो मला" म्हणून विषय बदलते. खोटं आहे ते. लिली मला छान जमली होती. एका कुंडीत तीन कांदे लावलेले, तिघांनाही कळ्या आल्या, पहिलं फूल उमललं तेव्हा हॉलभर वास.

चिंगी, माझी मांजर, तेव्हा दोन वर्षांची. एका सकाळी नाकावर केशरी पराग लावून आली, मिशांनाही थोडे चिकटलेले. मी हसले, फोटो काढला, आणि मग तिने नेहमीसारखं पंजा चाटून चाटून तोंड स्वच्छ केलं, माझ्यासमोर बसून. दुपारी उलटी झाली, मला वाटलं केसांचा गोळा असेल. संध्याकाळी गप्प पडून राहिली तर मला उलट बरंच वाटलं, म्हटलं झोपू दे. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्याशी नुसती बसून होती, पीत नव्हती, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, घरात लिली आहे का? सलाईन लावलं पण किडन्या गेल्या होत्या. चौथ्या दिवशी चिंगी गेली. पराग दिसले तेव्हाच आणली असती तर वाचण्याची शक्यता बरीच होती, हे त्यांनी मी खोदून विचारलं म्हणून सांगितलं.

खरी लिली (बोटॅनिकल नाव लिलियम) आणि डे लिली (हेमेरोकॅलिस), दोन्हींची पानं, फुलं, परागच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या घालवू शकतं. पीस लिली नावाचीच लिली, ती अळूच्या कुळातली, तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण किडन्यांचं तसं होत नाही.

कुंडीच्या लेबलवर ऊन किती, पाणी किती एवढंच होतं, मग मला कसं कळणार? हे मी स्वतःला खूपदा सांगून झालंय. पण मी कुठे विचारलं होतं? रंग बघितला आणि उचलली. तेव्हा कुणी टोकलं असतं तर मीच म्हणाले असते, मांजरांना कळतं काय खायचं ते. अहो, तिने खाल्लं कुठे होतं, फक्त अंग चाटलं.

आता घरात दुसरं मांजर आहे, म्हणून स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न, कॅलेथिया एवढंच. नवीन झाड बघितलं की आधी बोटॅनिकल नाव शोधते, ऊन-सावली नंतर.

आणि तो मनी प्लांट? त्यातही तेच ऑक्झलेट, मग तो कसा चालतो, असं भाची विचारते. उंच टांगलाय, वेल लोंबायला लागली की कापते, हे माझं उत्तर, पण ते मलाच पुरेसं वाटत नाही. दोनदा उतरवला, दोनदा परत लावला. सध्या टांगलेलाच आहे.