घरच्याला दीडशे डॉलर, पाहुण्याला फुकट

सिंगापूरच्या कॅसिनोत शिरायला इथल्या नागरिकाला किंवा पीआरवाल्याला (म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्याला) चोवीस तासांचे दीडशे डॉलर मोजावे लागतात. वर्षभराची परवानगी हवी तर तीन हजार. परदेशी पाहुणा मात्र पासपोर्ट दाखवून फुकट आत जातो. आम्हाला पीआर मिळालं तेव्हा फोनवर भाऊजी नाशिकहून तावातावाने म्हणाले, "वहिनी, ही कुठली रीत? घरच्यांना दंड आणि पाहुण्यांना पायघड्या?" मला मात्र हा नियम मनापासून आवडतो. आणि बाकारा हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ शिकल्यावर तर जास्तच आवडायला लागला.

शिकले ते शेजारच्या आंटींकडून, चिनी नववर्षाच्या सुट्टीत, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. निवृत्त होईपर्यंत त्या कॅसिनोत पत्ते वाटायचं काम करायच्या. (सासरी कुणी कपाळाला आठ्या घालण्याआधी सांगते: घरात, ओळखीच्या माणसांत खेळायला इथे 2022 पासून कायद्याने मुभा आहे, आणि आम्ही शेंगदाणे लावून खेळलो. माझ्या आजोळी गणपतीच्या जागरणाला चिंचोक्यांवर रमी रंगायची, तसंच.)

खेळात दोन हात वाटतात, एक प्लेअरचा, एक बँकरचा. ही नुसती हातांची नावं, पैसे कुणीही कुठल्याही हातावर लावावेत. नवाच्या जवळ कोण जाईल यावर पैसे लावायचे. एक्का म्हणजे एक, दश्शी आणि चित्रं म्हणजे शून्य, आणि बेरजेतला फक्त एकक धरायचा. सत्ती-अठ्ठीचे पंधरा होतात, पण मोजायचे पाच. पहिल्या दोन पानांत कुणाचे आठ किंवा नऊ झाले की डाव तिथेच संपला. नाहीतर प्लेअर पाचपर्यंत तिसरं पान घेतो, सहा-सातवर थांबतो. बँकरचं गणित प्लेअरच्या तिसऱ्या पानावर ठरतं. बँकरकडे तीन असतील तर तो पान घेतो, पण प्लेअरला अठ्ठी आली असेल तर नाही. सहा असतील तर प्लेअरला छक्की किंवा सत्ती आली तरच घेतो. हा तक्ता आंटींना स्तोत्रासारखा पाठ आहे.

मला आधी रागच आला. मेंढीकोटात कुठली पानं उतरली ते ध्यानात ठेवणाऱ्या घरात मी वाढले. इथे खेळणाऱ्याने ठरवायचं काहीच नाही! पैसे लावायचे आणि बघत बसायचं.

मग आंटींनी पान उघडायचं कसं ते दाखवलं. मोठ्या टेबलांवर ज्याने सर्वांत जास्त पैसे लावले त्याला हा मान मिळतो. पान पालथंच धरून लांब कड अगदी हळू वाकवायची. रेघ दिसली तर चित्र. ठिपके दिसले तर मोजायचे: कडेला दोन असतील तर चौकी किंवा पंजी, तीन असतील तर छक्की, सत्ती किंवा अठ्ठी, चार असतील तर नव्वी किंवा दश्शी. कडेला तीन दिसले की छक्की, सत्ती की अठ्ठी, हे मधल्या ठिपक्यांवर ठरतं, आणि ते बोटाखाली झाकलेले असतात. तो अंगठा सरकेपर्यंत माझा श्वास अडकला होता, आणि पणाला काय, तर मूठभर शेंगदाणे. चीनमधल्या मकाऊच्या कॅसिनोंची बहुतेक कमाई या एकाच खेळातून का होते, ते मला त्या टेबलावर कळलं.

आणि हा खेळ लुटारू वाटतच नाही, हीच त्यातली मेख. बँकर थोडा जास्त जिंकतो, म्हणून त्याच्या जिंकण्यावर पाच टक्के कापतात. तरी शंभर डॉलरमागे कॅसिनोला सरासरी जेमतेम एक डॉलर सुटतो. प्लेअरवर सव्वा. दोन्ही हात बरोबरीत सुटतील यावर लावाल तर चौदाच्या वर. एक डॉलर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण डाव मिनिटभरात संपतो आणि माणूस रात्रभर बसतो. पडद्यावर आधीच्या डावांचे लाल-निळे गोल दिसत असतात, ते बघून लोक पुढचा डाव ताडतात. आंटी म्हणाल्या, "त्या गोलांवर मी लोकांचे पगार जाताना पाहिलेत."

म्हणून ते दीडशे डॉलर. 2010 मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा शंभर होते, 2019 मध्ये वाढवले, आणि हा पैसा समाजकार्याला जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरच्यांना अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोबंदी करवता येते. बायकोला नवऱ्यासाठी, मुलाला बापासाठी. आपल्याकडे मटक्यात घर बुडताना बाईने कुणाकडे जायचं होतं?

आपलंही चांगलं ते सांगतेच. महाराष्ट्राने 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्दच केला, याचा मला अभिमान आहे. गोव्याने 2020 पासून गोंयकारांना कॅसिनोबंदी केली, तेही बरं. पण नुसत्या बंदीने माणूस दुसरं दार शोधतो. आपल्या लोकांनी ते फोनवरच्या रमीत शोधलं आणि केंद्राला 2025 मध्ये त्यावर कायदा करावा लागला. मला इथली रीत जास्त समंजस वाटते. आम्ही इथे राहतो म्हणून असं बोलते, असं भाऊजींना वाटतं. वाटू दे.

ते डिसेंबरात येतायत आणि त्यांना एकदा आत जायचंच आहे. जावं. पासपोर्ट त्यांचा, दार त्यांना उघडं. मी बाहेर थांबेन. लावायचंच तर बँकरवर लावा आणि बरोबरीच्या वाटेला जाऊ नका, एवढं त्यांना बजावून ठेवलंय.