आमचंही अस्संच होतं

दुपारी ताई फोनवर लग्नाची तारीख सांगत होती, तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि तारीख गेली. पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली, "अगं, आमचंही अस्संच होतं!" होत असेल. पण मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे, आणि हे वाक्य ऐकलं की मी आतल्या आत दात खाते.

एमएस म्हटलं की लोकांना काठी दिसते, व्हीलचेअर दिसते. शार्को या फ्रेंच डॉक्टरने 1868 मध्ये या आजाराची नीट ओळख पटवली आणि पुढे व्याख्यानांत रुग्णांची स्मरणशक्ती कमी होते, विचार सावकाश चालतात, हेही सांगितलं. त्याकडे मात्र कितीतरी वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. साधारण निम्म्या रुग्णांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास होतो, तुरुतुरु चालणाऱ्यांनाही.

त्याची एक चाचणी असते. कागदाच्या वरच्या बाजूला नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली 1 ते 9 पैकी एक आकडा. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. 90 सेकंदांत आकडे सांगत सुटायचं. नजर वर जाते, आकडा उचलते, खाली येते, तोवर पुढचं चिन्ह ताटकळलेलं. यात अवघड काहीच नाही, हाच त्यातला चावटपणा. मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झिजलं की संदेश वाटेत रेंगाळतात, एवढंच.

उलट एकोणतीसचा पाढा विचारा! बाबा कपडे वाळत घालता घालता मधूनच "एकोणतीस सत्ते?" असं फेकायचे, आणि चिमटा हातात धरून मी उत्तर द्यायची. तो पाढा आजही खडाखडा येतो. आत गेलेलं बहुतेक शाबूत असतं. नवीन आत जायलाच जास्त घोकावं लागतं. त्यात थकवा असला, झोप झाली नसली, अंग तापलं असलं की विचारूच नका.

सगळ्यांत राग येतो तो मला शब्द पुरवणाऱ्यांचा. माझा शब्द येतच असतो, आणि समोरचा स्वतःचा एक हातावर ठेवतो. तो बहुधा चुकीचा असतो. नाकारायचा तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दमलेली असले की मी "हो, तेच" म्हणते. अशाने किती जणांकडे माझी म्हणून भलतीच मतं जमा झाली असतील, कोण जाणे.