मध बिअरमध्ये कधी घालावा?

उकळत्या वर्टमध्ये (माल्टच्या गोड काढ्यात, ज्याची पुढे बिअर होते) मध ओतला की त्याचा वास वाफेबरोबर जातो. मधातली जवळपास सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे बिअर गोड होत नाही, उलट कोरडी आणि पातळ लागते. (गोडीच हवी असेल तर क्रिस्टल माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं गोडसर धान्य, वापरा.) २० लिटरला ५०० ग्रॅम मध पुरे, ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी द्रवाची घनता) साधारण ०.००७ने वाढते. फसफस ओसरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवून घाला. महाबळेश्वरचा जांभूळमध मुळातच कडवट, तेव्हा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कमी. पुण्याच्या एप्रिलात फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) बर्फाच्या बाटल्या टाकलेल्या टबात ठेवा. एल यीस्ट (एल जातीच्या बिअरचं यीस्ट) २४ अंशांपुढे गेलं की बिअरला झोंबरी चव येते. ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नका, फुटतात.