पायापाशी बघा

"पाव्हणं, पाय जपून टाका!"

आज सकाळी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर रोहित पक्ष्यांचे फोटो काढत पुढे पुढे सरकत होतो. मागून मेंढरं राखणारे मामा ओरडले. खाली बघितलं, तर बुटापासून वीतभर अंतरावर मुरमात टिटवीची चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत वळवून ठेवलेली. खड्यांत खडे. डोक्यावर टिटवी केव्हाची जीव तोडून ओरडत होती आणि मला ते ऐकूच आलं नव्हतं.

मामांनी अंड्यांपासून चार पावलांवर चार मोठे धोंडे मांडले होते. गाडीचं चाक जाऊ नये म्हणून. "लांबच्या तांबड्याला बघाया आलाव, हिच्याकडं कोन बगतंय?"

ते मनातून जाईना. रोहित गुलाबी, तोही खाण्यातल्या शेवाळामुळे. तेवढ्या रंगासाठी आपण पहाटे उठतो. माळढोक पक्ष्यासाठी इथल्याच नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, पण आपल्यातले कितीजण त्याला शोधायला निघाले ते तो दिसेनासा झाल्यावरच!

रंग नाही, दुर्मीळ नाही, रोज दारात ओरडते. अशा टिटवीसाठी तुमच्यापैकी कुणी कधी थांबलंय का?